तुझ्या नावाचा सण, किल्डेअरहून

किल्डेअर, आयर्लंड
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

काल वसंत पंचमी. पंढरपुरात देवाचं लग्न थाटात लागलं असेल आणि तू नेहमीसारखा गर्दीत चप्पल हरवून अनवाणी घरी आला असशील. आज इथेही सुट्टी आहे, तीही वसंताचीच! परवा फोनवर तू हसलास, "चार अंश थंडीत कसला डोंबलाचा वसंत?" तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

या सणाचं जुनं नाव इम्बोल्क. तारीख १ फेब्रुवारी, पण जुन्या आयरिश रीतीने दिवस मावळतीला सुरू होतो, म्हणून खरी गडबड ३१ जानेवारीच्या संध्याकाळी. नावाच्या अर्थावर पंडितांचे वाद आहेत. हजारेक वर्षांपूर्वीच्या एका आयरिश शब्दकोशात 'मेंढीचं दूध' असा अर्थ दिलाय. दुसरा अर्थ 'पोटात', आणि मला हाच पटतो. आमच्या घरामागे मेंढ्यांचं कुरण आहे. सगळ्या गाभण, दोन्ही कुशी फुगलेल्या, चालताना डुलतात. झाडाला अजून पान नाही, पण त्या पोटांकडे बघितलं की कळतं, वसंत आलाय, फक्त दिसत नाही. पूर्वी हिवाळ्याची बेगमी संपत आलेली असायची आणि तेव्हाच मेंढ्यांना दूध उतरायचं. भुकेल्या घराला फुलांपेक्षा त्याचंच अप्रूप असणार. शिवाय डिसेंबरात चारला अंधार पडायचा, आता पाचपर्यंत उजेड टिकतो. इथे जो भेटेल तो हवापाण्याच्या आधी हेच बोलतो, "संध्याकाळ लांबली बरं का!"

सण ब्रिजिडचा. ही कवींची, वैद्यांची आणि लोहारांची देवी. पुढे ख्रिस्ती धर्म आला आणि त्याच नावाची, त्याच तारखेची संत ब्रिजिड झाली. तिचा मठ आमच्या या गावात होता. बाराव्या शतकात वेल्सचा जेराल्ड नावाचा एक धर्मपंडित इथलं वर्णन लिहून गेलाय: १९ नन रोज रात्री एकेक करून पवित्र अग्नी राखायच्या. विसाव्या रात्री शेवटची नन लाकडं रचून ठेवायची, म्हणायची, "ब्रिजिड, आज तुझी पाळी," आणि निघून जायची. सकाळी अग्नी जिवंत! पुरुषांना अग्नीभोवतीच्या कुंपणाच्या आत पाऊल टाकायची बंदी. पुढे तो अग्नी विझला. १९९३ साली इथल्या ननांनी पुन्हा पेटवला आणि २००६ पासून गावच्या चौकात एक ज्योत तेवते आहे. मी दूध आणायला तिच्याच शेजारून जातो.

देवी की संत, असं शेजारच्या आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "दिवस एकच आहे ना, मग भांडण कसलं?" हे म्हणताना हात थांबले नव्हते. आजी या सणाचा लव्हाळ्यांचा क्रूस विणत होत्या. लव्हाळी कापायची नाहीत, उपटायची. एक काडी उभी धरायची, दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर अडकवायची, पाव गिरकी द्यायची, मग तिसरी. मधे चौकोन गच्च बसतो आणि चार हात बाहेर येतात. टोकं पूर्वी लव्हाळ्यानेच बांधायचे, आजी बिनदिक्कत रबरबँड लावतात. माझा क्रूस पंख्याच्या मोडक्या पात्यासारखा झाला. तरी दारावर टांगलाय. घराला आग लागत नाही म्हणे.

एक गोष्ट खास तुझ्यासाठी. ब्रिजिडने राजाकडे मठासाठी जमीन मागितली. किती? माझी शाल झाकेल एवढी. राजा हसून हो म्हणाला आणि शाल पसरत पसरत अख्ख्या कर्राच्या माळावर गेली. वामन आठवला ना? मलाही तोच आठवला. फक्त इथे राजाला पाताळात जावं लागलं नाही. त्या माळावर आता शर्यतीची घोडी पळतात आणि कडेने मेंढ्या चरतात.

सरकारी सुट्टी मात्र २०२३ पासूनच आहे, फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी. बाईच्या नावाची ही या देशातली पहिलीच. इतकी वर्षं का लागली, हे आजींना विचारू नकोस, तासभर सोडणार नाहीत.

आणि हो, पाकिटात एक पांढरी चिंधी सापडेल, ती कचरा समजून फेकू नकोस. ३१ तारखेला रात्री खिडकीबाहेर कापड ठेवायचं, ब्रिजिड जाता जाता त्याला हात लावते, अशी इथली समजूत. सकाळी माझं कापड दवाने ओलं होऊन कडक पडलं होतं. चुलीजवळ वाळवलं आणि त्याचा तुकडा फाडून धाडतोय. डोकेदुखीवर कपाळाला बांधतात. काकूंच्या अर्धशिशीसाठी दे. अमृतांजन चोळून वरून बांधलं तरी ब्रिजिड रागावणार नाही.

तुझा,
श्रीधर