ग्लेंडा जॅक्सन यांची कारकीर्द आणि एक दुरुस्ती

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत राजकारणात गेलेल्या कलावंतांवर जो दीर्घ लेख प्रसिद्ध झाला, त्यात ब्रिटिश अभिनेत्री ग्लेंडा जॅक्सन यांच्या वाट्याला जेमतेम दोन वाक्ये आली आहेत. पडद्यावरचे दिवस सरल्यावर त्यांनी राजकारणाचा आसरा घेतला, असे पहिले वाक्य म्हणते. उतारवयात शेक्सपिअरच्या नाटकातील राजा लिअरची पुरुषभूमिका करून त्या पुन्हा प्रकाशझोतात आल्या, असे दुसरे. ही दोन्ही विधाने वस्तुस्थितीला धरून नाहीत आणि त्यातून एका विलक्षण कारकिर्दीचे चित्र पार उलटे उभे राहते, म्हणून हे पत्र.

ग्लेंडा जॅक्सन यांचा जन्म 9 मे 1936 रोजी लिव्हरपूलसमोर मर्सी नदीच्या पैलतीरावर असलेल्या बर्कनहेड या गावी झाला. वडील गवंडीकाम करीत. चार मुलींत ग्लेंडा थोरल्या. सोळाव्या वर्षी शाळा सोडून त्यांनी बूट्स या औषधविक्रेत्या कंपनीच्या दुकानात दोन वर्षे नोकरी केली, हौशी नाटकमंडळीत कामे केली आणि शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये प्रवेश घेतला. तिथे त्यांना सांगण्यात आले की, त्या चरित्र अभिनेत्रीच्या जातकुळीच्या असल्याने चाळिशीपर्यंत फारसे काम मिळण्याची अपेक्षा धरू नये. पुढची काही वर्षे हे भाकीत खरे ठरते की काय अशीच गेली. गावोगावच्या नाटक कंपन्यांत मिळेल ते काम आणि अधूनमधून बेकारी, असा तो काळ होता.

1964 साली पीटर ब्रूक या दिग्दर्शकाने त्यांना रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या एका प्रायोगिक उपक्रमासाठी निवडले. आपल्याकडे ब्रूक हे नाव महाभारताच्या प्रयोगामुळे परिचित आहे. त्याच्या वीस वर्षे आधीची ही गोष्ट. त्यातूनच 'मारा/साद' या नाटकातील शार्लट कॉर्दे ही भूमिका त्यांच्याकडे आली. वेड्यांच्या इस्पितळातील रुग्ण फ्रेंच राज्यक्रांतीतील मारा या नेत्याच्या हत्येचे नाटक करतात, अशी या नाटकाची रचना आहे; त्यामुळे जॅक्सन यांना झोपेच्या विकाराने ग्रासलेली, मधूनच पेंगणारी एक रुग्ण आणि तिने वठवलेली मारेकरी, अशा दोन स्त्रिया एकाच वेळी उभ्या करायच्या होत्या. त्यातील साद या लेखकाला चाबकाचे फटके मारण्याचा प्रसंग त्या आपल्या मोकळ्या लांब केसांनी करीत. ब्रूक यांनी 1967 साली या प्रयोगाचा चित्रपट केला, म्हणून हा प्रसंग आजही पाहायला मिळतो. केसांच्या त्या हलक्या सपकाऱ्याने जो थरार निर्माण होतो, तो खऱ्या चाबकाने साधला असता असे मला वाटत नाही.

चित्रपटांविषयी लेखात थोडेफार आले आहे, पण तेही अपुरे. त्यांना ऑस्कर दोनदा मिळाले: केन रसेल दिग्दर्शित 'विमेन इन लव्ह'साठी 1970 सालचे आणि 'अ टच ऑफ क्लास' या विनोदी चित्रपटासाठी 1973 सालचे. दोन्ही सोहळ्यांना त्या गेल्या नाहीत. पुरस्काराच्या बाहुल्या आईच्या घरी ठेवल्या होत्या आणि आईने त्या इतक्या पुसल्या की वरचा सोनेरी मुलामाच निघून गेला, असे त्या मुलाखतींतून सांगत. दुसऱ्या ऑस्करमागची हकिकत तर गमतीची आहे. मोरकम आणि वाइज या विनोदी जोडगोळीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात जॅक्सन यांनी क्लिओपात्रा होऊन जो धुमाकूळ घातला, तो पाहूनच दिग्दर्शक मेल्विन फ्रँक यांना त्या विनोदी भूमिकेसाठी योग्य वाटल्या.

1971 सालात बीबीसीच्या 'एलिझाबेथ आर' या सहा भागांच्या मालिकेत त्यांनी पहिल्या एलिझाबेथ राणीची भूमिका केली. तिच्यासाठी त्यांनी कपाळावरचे केस खरोखरच भादरून घेतले होते. जिवावरच्या संशयातून कशीबशी वाचलेली राजकन्या आणि पांढऱ्या रंगाच्या थराआड दडलेली थकलेली म्हातारी राणी या दोन टोकांमध्ये त्यांनी आवाज कसा वर्षागणिक कोरडा करत नेला आहे, हे अभिनयाच्या विद्यार्थ्यांनी जरूर ऐकावे. या मालिकेने त्यांना दोन एमी पुरस्कार मिळवून दिले. त्यानंतरच्या दीड दशकातील सर्वच चित्रपट त्या तोलाचे नाहीत, हे मान्य करायला हरकत नाही.

आता लेखातील पहिल्या विधानाकडे वळतो. 1992 साली मजूर पक्षाच्या उमेदवार म्हणून हॅम्पस्टेड आणि हायगेट या मतदारसंघातून त्या निवडून आल्या, तेव्हा त्यांचे दिवस सरलेले नव्हते. 1988 साली त्या न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर ख्रिस्तोफर प्लमर यांच्यासमोर लेडी मॅकबेथ करीत होत्या, 1990 साली ग्लासगोत 'मदर करेज' हे नाटक करीत होत्या. चालती गाडी त्यांनी स्वतः थांबवली, ती मार्गारेट थॅचर यांच्या धोरणांविषयीच्या संतापापोटी. समाज अशी काही चीजच अस्तित्वात नाही, हे थॅचर यांचे वक्तव्य ऐकून त्या इतक्या भडकल्या की तरातरा बाहेर पडताना बंद काचेच्या दारावर आदळून नाक मोडता मोडता वाचले, अशी आठवण त्यांनीच सांगितली आहे.

खासदार झाल्यावर त्यांनी अभिनय पूर्ण थांबवला. शनिवार-रविवारचे चित्रीकरण नाही, एखादी पाहुणी भूमिका नाही. 1992 ते 2015 अशी सलग 23 वर्षे त्या केवळ लोकप्रतिनिधी होत्या. (सभागृहात वर्षातून चार वेळा दर्शन देणाऱ्या आपल्याकडील मान्यवरांचा उल्लेख लेखकाने पुरेशा सौजन्याने केलाच आहे, मी त्यात भर घालीत नाही.) टोनी ब्लेअर यांच्या सरकारात 1997 ते 1999 या काळात त्या वाहतूक खात्याच्या कनिष्ठ मंत्री होत्या. तिथे त्यांनी फार मोठा ठसा उमटवला असे म्हणता येणार नाही आणि लंडनच्या महापौरपदासाठी पक्षाची उमेदवारी मिळवण्याचा त्यांचा प्रयत्नही फसला. परंतु 2003 साली इराक युद्धाच्या प्रश्नावर त्यांनी स्वतःच्याच सरकारविरुद्ध मतदान केले आणि मतदारसंघातील गाऱ्हाण्यांचे काम अखेरपर्यंत सोडले नाही. 2010 च्या निवडणुकीत त्या अवघ्या 42 मतांनी निवडून आल्या. अशा जागेवर नुसत्या वलयाच्या बळावर कोणी पाच वर्षे काढू शकत नाही.

थॅचर यांच्या निधनानंतर 10 एप्रिल 2013 रोजी संसदेत श्रद्धांजलीची भाषणे झाली. त्या वेळी थॅचर यांच्या धोरणांनी दुकानांच्या दारांत झोपणारी बेघर माणसे निर्माण केली, लोभ आणि स्वार्थ यांना सद्गुणांचा दर्जा दिला, अशा आशयाचे जॅक्सन यांचे भाषण झाले. समोरच्या बाकांवरून आरडाओरडा झाला, हरकतीचा मुद्दा उपस्थित झाला, पण भाषणात संसदीय नियमांचा भंग झालेला नाही, असा निर्वाळा सभापतींनी दिला. मृत व्यक्तीविषयी असे बोलावे की नाही, याबद्दल दुमत असू शकते आणि माझ्या घरातही ते आहे. मला स्वतःला त्या भाषणात शब्दफेकीवरचा ताबा जितका जाणवतो, तितकाच मतदारसंघात पायपीट केलेल्या बाईचा अनुभवही.

'लिअर'विषयीचे दुसरे विधान याच अनुभवामुळे टिकत नाही. खासदार म्हणून वृद्धांच्या निवासांना आणि दिवसा चालणाऱ्या केंद्रांना भेटी देताना, वय वाढत जाते तशी स्त्रीपणाची आणि पुरुषपणाची कुंपणे विरत जातात, हे आपल्या लक्षात आले, असे जॅक्सन यांनी लिअरसंबंधीच्या मुलाखतींत सांगितले होते. ऑक्टोबर 2016 मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात डेबोरा वॉर्नर यांच्या दिग्दर्शनाखाली त्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचे वय 80 होते. नाटकात लिअर स्वतःचे वय ऐंशीच्या वर सांगतो, पण ती भूमिका त्या वयात पेलण्याची ताकद फारच थोड्या नटांत उरते, म्हणून बहुधा ती त्यांहून बरेच लहान नट करतात. लिअरची सावली ज्याच्यावर आहे, त्या आपल्या 'नटसम्राट'मधला वृद्ध गणपतराव 1970 साली डॉ. श्रीराम लागू यांनी रंगवला, तेव्हा ते 43 वर्षांचे होते. जवळजवळ पाव शतक रंगभूमीपासून दूर राहिलेली व्यक्ती त्या वयात परतते आणि परतताना शेक्सपिअरच्या सर्वांत दमवणाऱ्या भूमिकांपैकी एक निवडते, याला प्रसिद्धीचा सोस म्हणणे मला कोतेपणाचे वाटते. प्रसिद्धीच हवी असती तर तिचे कितीतरी सोपे मार्ग त्यांच्यासमोर होते.

पुढेही त्या थांबल्या नाहीत. एडवर्ड आल्बी यांच्या 'थ्री टॉल विमेन'साठी 2018 साली, वयाच्या 82 व्या वर्षी, त्यांना अमेरिकी रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला. 2019 साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी वेगळ्या दिग्दर्शकाकडे पुन्हा लिअर केला. त्याच वर्षी 'एलिझाबेथ इज मिसिंग' या बीबीसीच्या चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेल्या मॉडची भूमिका केली आणि तिच्यासाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळवला. मॉड खिशात चिठ्ठ्या घेऊन हरवलेल्या मैत्रिणीचा माग काढत फिरते. तिचे विसरणे जॅक्सन यांनी कुठेही केविलवाणे होऊ दिलेले नाही. मॉड चिडते, हट्टाला पेटते, समोरच्याला अगदी नकोशी होते. घरात असे आजारपण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यातला खरेपणा सांगावा लागणार नाही.

15 जून 2023 रोजी लंडनमध्ये वयाच्या 87 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मायकल केन यांच्यासोबतच्या 'द ग्रेट एस्केपर' या चित्रपटातील त्यांचे काम त्याआधीच पूर्ण झाले होते आणि तो त्याच वर्षी त्यांच्या पश्चात प्रदर्शित झाला. आपल्या लेखात ऑस्करची संख्या एक अशी छापली आहे आणि खासदारकीचा कालावधी 'काही वर्षे' असा दिला आहे. हे दोन तपशील तरी येत्या रविवारच्या पुरवणीत दुरुस्त करून छापावेत, ही विनंती.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक, सांगली