जर्मन मराठीतून शिकवा, आणि वॉर्डातली शिकवा

महोदय,

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तिकडे जाऊ पाहणाऱ्या परिचारिकांना अनेक वर्गांत जर्मन इंग्रजीतून शिकवली जाते, आणि गाडी तिथेच अडते.

जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत. ‘तो, ती, ते’ म्हणत वाढलेल्या मुलीला ‘डेअर, डी, डास’ ही भानगड काय आहे हे समजावावे लागत नाही. (कोणत्या शब्दाचे लिंग कोणते, हे मात्र पाठच करावे लागते.) आकड्यांचेही तसेच. पस्तीसमध्ये आधी पाच, मग तीस, जर्मनमध्येही ‘पाच-आणि-तीस’. मनात ‘थर्टी-फाइव्ह’ घोळवणारी मुलगी फोनवर ऐकलेले ३५ हमखास ५३ लिहिते. नाडीचे ठोके ६८ चे ८६ होतात ते असेच.

वेळेचा घोळ याहून मोठा. ‘हाल्ब द्राय’ म्हणजे शब्दशः ‘अर्धा तीन’, अर्थात अडीच. आपला अडीचही ‘अर्धतृतीय’वरूनच आला आहे! इंग्रजीच्या वाटेने जाणारी ते साडेतीन समजते आणि औषध तासभर उशिरा देते. त्याच राज्यातल्या श्वाबेन भागात तर ‘फिअर्टल आख्ट’ (शब्दशः ‘पाव आठ’) म्हणजे सव्वासात आणि ‘द्रायफिअर्टल आख्ट’ (‘पाऊण आठ’) म्हणजे पावणेआठ. सव्वा-पावणे रोज बोलणाऱ्यांना यात अवघड ते काय?

परीक्षेतली जर्मन प्रमाण असते, वॉर्डातल्या आजोबांची नसते. श्वाबेनमध्ये ‘फूस’ म्हणजे नुसते पाऊल नव्हे, आपल्या ‘पाय’सारखा मांडीपासून खाली सगळा पाय. ‘फूस दुखतो’ ऐकून पाऊल तपासत बसले, तर दुखणे मांडीतच राहते. ‘टेपिश’ पुस्तकात गालिचा, तिथे पांघरायची ब्लँकेट. ‘हेबन’ पुस्तकात उचलणे, तिथे धरून ठेवणे. उभे राहताना रुग्ण ‘धर’ म्हणतो आणि सिस्टर त्याला उचलायला जाते. तोल दोघांचाही जातो. लिहिण्यातला फरकही शिकवायला हवा: जर्मन कागदावर ५.००० म्हणजे पाच हजार आणि ०,५ म्हणजे अर्धा. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या इंजेक्शनपुढे ते टिंब नीट वाचता आलेच पाहिजे.

‘चार महिन्यांत बी-टू’ या जाहिरातींचा हिशेबही एकदा मांडू. बी-टू (भाषेच्या सहा पातळ्यांपैकी चौथी) गाठायला साधारण ६०० ते ८०० तासिका लागतात, एकेक ४५ मिनिटांची. रोज ५ तासिका, महिन्याला २४ दिवस धरले तर १२० होतात. म्हणजे सुट्टी न घेता पाच ते पावणेसात महिने. गोएथे या जर्मन भाषासंस्थेच्या बी-टू परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण या प्रत्येक भागात १०० पैकी किमान ६० गुण लागतात. राहिलेला भाग वेगळा पुन्हा देता येतो, हे कित्येक मुलींना कुणी सांगतच नाही. परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळायला सहसा बी-टू लागते. तोवर मदतनीसाचे काम आणि मदतनीसाचा पगार. घाईची किंमत ती मुलगी मोजते, क्लास नव्हे.

शासनाने मराठीतून जर्मन शिकवणारे पुस्तक तयार करून घ्यावे. अखेरच्या ६० तासिका फक्त वॉर्डातल्या बोलण्यासाठी राखाव्यात. तिथल्या रुग्णालयांकडून ड्यूटी बदलतानाच्या हँडओव्हरचे नमुने, रुग्णांची नावे वगळून, ध्वनिमुद्रित करून मागवावेत.

– जर्मन भाषेच्या काही शिक्षिका, पुणे