वादग्रस्त विधान काय होते, तेही छापावे

माननीय संपादक महोदय,

धर्मावरील टीकेमुळे उठलेल्या वादांच्या बातम्या गोव्यातील वृत्तपत्रांत वरचेवर वाचायला मिळतात. निषेध कोणी केला, पोलीस स्थानकावर निवेदन कोणी दिले, माफी कोणी मागितली, हे त्यांत सविस्तर असते. मात्र ज्या ‘वादग्रस्त विधाना’वरून हे घडले, ते पुष्कळदा कुठेच सापडत नाही. मग ती टीका होती की निव्वळ निंदा, हे वाचकाने ठरवायचे कशावरून?

हा फरक कायद्यालाही मान्य आहे. धार्मिक भावना दुखावण्याच्या गुन्ह्याचे, १९२७ मध्ये दंड संहितेत आलेले कलम २९५-अ, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेतील कलम २९९, सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात वैध ठरवले, तेव्हा धर्माचा प्रत्येक अवमान या कलमाखाली येत नाही, त्यासाठी जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतू असावा लागतो, असे स्पष्ट केले होते. कोणाला तरी वाईट वाटले, एवढ्याने गुन्हा होत नाही.

आमच्या फोंडा तालुक्यात देवाला पाकळ्या लावून कौल घेतात. उजवीकडची पाकळी पडली की होकार मिळाला असे मानतात. शस्त्रक्रिया करावी की नाही हे कौलावर ठरवणे जिवावर बेतू शकते, असे कोणी सभामंडपात उभे राहून सांगितले, तर तो देवाचा अपमान नव्हे. पण कौल लावणारे सगळे लबाड आणि घेणारे सगळे मूर्ख, असे तो म्हणू लागला, तर चर्चा प्रथेवरून माणसांवर घसरली. माझ्या मते मर्यादा इथे आहे, आवाजाच्या पट्टीत नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या गर्भकुडीपासून, म्हणजे गाभाऱ्यापासून, दूर ठेवले, त्याच्या शब्दांना धार असणारच, आणि ती ऐकून घेतली पाहिजे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, जुने गोवे येथील शवप्रदर्शनाच्या, म्हणजे संताचे अवशेष भाविकांच्या दर्शनासाठी ठेवण्याच्या सोहळ्याच्या तोंडावर, सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांच्या डीएनए चाचणीची मागणी झाली आणि मडगावात रस्ते अडवले गेले, गुन्हाही नोंद झाला. अवशेष कोणाचे, हा इतिहासाचा प्रश्न आहे. त्याला कागदपत्रांनिशी उत्तर देता येते. १५६० मध्ये सुरू होऊन १८१२ मध्ये कायमचे बंद झालेल्या इन्क्विझिशन या पोर्तुगीज राजवटीतील धर्मन्यायालयावरही कठोरातील कठोर शब्दांत लिहावे, मात्र त्याचा जाब आजच्या ख्रिस्ती शेजाऱ्याला विचारणे हा अन्याय आहे.

म्हणून विनंती अशी, की यापुढे अशा बातमीत मूळ विधान मागच्या-पुढच्या संदर्भासह छापावे. ते शिवराळ असल्यास त्याचा आशय वार्ताहराने आपल्या शब्दांत द्यावा. आणि भावना दुखावल्याची तक्रार करणाऱ्यांना, त्या विधानातील नेमके काय खोटे आहे, हेही विचारून त्यांचे उत्तर त्याच बातमीत द्यावे.

आपला,
एक नियमित वाचक, फोंडा