सिलिंडर खोलण्याआधी हे तपासा

महोदय,

पायपर कबसारख्या जुन्या छोट्या विमानाचे इंजिन जमिनीवर सुरळीत चालते आणि हवेत अचानक अडखळते, तेव्हा थेट सिलिंडर खोलण्याची घाई होते. ती खर्चीक तर आहेच, शिवाय खरे कारण त्यात बरेचदा निसटते.

पहिला संशय कार्ब्युरेटरमधल्या बर्फावर घ्यावा. पेट्रोलची वाफ होताना आतले तापमान 30 अंशांहूनही अधिक उतरू शकते. म्हणून दमट हवेत, बाहेर 20 अंश असतानाही बर्फ साचतो आणि विमान उतरेपर्यंत वितळून पुरावाच नाहीसा होतो. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा खटका) पूर्ण ओढल्यावर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आधी घसरले, इंजिन खडखडले आणि मग आरपीएम वाढले, तर बर्फच होता.

बिघाड इंजिन चांगले तापल्यावरच होत असेल, तर मॅग्नेटोची (प्लगच्या ठिणगीसाठी वीज निर्माण करणाऱ्या यंत्राची; इंजिनाला असे दोन असतात) कॉइल आणि कंडेन्सर पाहावा. थंड इंजिनावरची चाचणी इथे फसवी ठरते. उतरल्याबरोबर, गरम असतानाच एकेक मॅग्नेटो चालवून बघावा. ज्यावर इंजिन अडखळते त्यावरच थोडा वेळ चालवून बंद करावे. एकाच सिलिंडरचा एक्झॉस्ट इतरांपेक्षा गार असेल, तर आधी तिथला प्लग आणि वायर तपासावी. मात्र मॅग्नेटोचा स्विच बंद असला तरी पंखा (प्रोपेलर) जिवंतच समजावा! स्विचमार्फत मॅग्नेटो बंद करणारी ग्राउंडिंगची तार तुटलेली असेल, तर पंखा हाताने हलवताच इंजिन सुरू होऊ शकते.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र. ते बुजले की पेट्रोल अडते आणि झाकण उघडताच दोष गायब होतो. म्हणून झाकण न उघडता कार्ब्युरेटरजवळची नळी सोडून धार मोजावी. पंपाविना, केवळ उतारावर पुरवठा होणाऱ्या विमानात ती टेकऑफच्या खपाच्या दीडपट हवी.

– एक विमान-तंत्रज्ञ वाचक