रक्त शोधण्याआधी रक्त वाचवा

संपादक महोदय,

घरातल्या आजी बाथरूममध्ये पाय घसरून पडतात, खुब्याचे हाड मोडते आणि ॲडमिट केल्याबरोबर नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी येते, ‘रक्ताच्या दोन पिशव्यांची सोय करा.’ मग रक्तपेढीच्या चकरा सुरू होतात. रक्त तयार हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण अंगात आहे ते रक्त वाचवायला काय करणार, हे फारसे कोणी विचारत नाही. ते विचारले जावे म्हणून हे पत्र.

ऑपरेशनमध्ये सक्शनच्या बाटलीत आणि मॉपवर, म्हणजे रक्त टिपायच्या कापडावर, दिसते तेवढेच रक्त गेले, असा समज आहे. खरे तर ते पडल्या क्षणापासून जात असते. खुब्याच्या सांध्याभोवती जाड आवरण असते. हाडाची मान त्या आवरणाच्या आत मोडली तर रक्त तिथेच अडते. त्याच्या खाली, ट्रोकँटरच्या (मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाच्या उंचवट्याच्या) भागात हाड मोडले तर अडवायला काहीच नसते आणि रक्त मांडीच्या स्नायूंत झिरपत राहते. मांडी टणक होते, कातडी ताणून चकाकते आणि दोन-तीन दिवसांनी निळा-जांभळा डाग गुडघ्याकडे उतरतो. त्यातून पडलेली व्यक्ती बराच वेळ पाण्यावाचून असते, रक्तातले पाणी कमी होऊन ते घट्ट झालेले असते, म्हणून ॲडमिट होताना हिमोग्लोबिन ११ दिसते. सलाइन चढल्यावर तेच ८.५ भरते. पहिल्या रिपोर्टवर विसंबू नये. ऑपरेशनच्या सकाळी, दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी तपासणी हवी.

रक्त वाचवणारे औषध जुने आहे आणि महागही नाही: ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. जपानच्या ओकामोतो दांपत्याने 1962 मध्ये ते जगापुढे आणले. ते नवी गुठळी बनवत नाही. बनलेली गुठळी शरीराने लवकर विरघळवू नये एवढेच पाहते. नेहमीचा डोस १ ग्रॅम, म्हणजे ५ मिलीच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन अँप्युल. त्या १०० मिली सलाइनमध्ये मिसळून चीर देण्याआधी दहा मिनिटांत सोडायच्या. घाईने शिरेत ढकलल्यास बीपी खाली येते, मळमळते. गरज वाटल्यास तीन तासांनी दुसरा डोस. किडनी कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. फिटचा त्रास किंवा पायात, फुप्फुसात नुकतीच गुठळी झालेली असेल तर हे औषध टाळतात. स्टेंट किंवा पक्षाघात झालेल्या रुग्णात निर्णय भूलतज्ज्ञांनी तोलून घ्यायचा. सरसकट नाही म्हणून हात झटकू नयेत.

एक धोका मात्र सर्वांनी ध्यानात ठेवावा. या अँप्युल आणि पाठीत द्यायच्या भुलीच्या अँप्युल दिसायला सारख्या असू शकतात. चुकून ट्रॅनेक्सॅमिक पाठीत गेले तर जोरदार झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात, जीवही जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये याबद्दल इशारा दिला आहे. उपाय साधा आहे: हे औषध स्पायनलच्या (पाठीतल्या भुलीच्या) ट्रेमध्ये ठेवायचेच नाही, वेगळ्या कपाटात ठेवायचे आणि लेबल दोघांनी मोठ्याने वाचल्याशिवाय भरायचे नाही.

नातेवाइकांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगावे. ॲस्पिरिनसाठी ऑपरेशन थांबवायचे कारण नाही. क्लोपिडोग्रेलचा परिणाम ओसरायला आठवडा लागतो. तेवढे थांबले तर बेडसोर आणि न्यूमोनिया गाठतात, म्हणून भुलीची पद्धत बदलून पुढे जाणे बरे. वॉरफरिन असेल तर व्हिटॅमिन के देऊन आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) १.५ च्या खाली आणता येतो. ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन असेल तर किडनी पाहून साधारण एक-दोन दिवस थांबावे. एरवी ३६ ते ४८ तासांत ऑपरेशन व्हावे.

थिएटरमध्ये रुग्ण गार पडू देऊ नये. अंगाचे तापमान ३६ अंशांखाली गेले की रक्त नीट गोठत नाही. गरम हवेचे पांघरूण आणि कोमट केलेले सलाइन म्हणजे चोचले नव्हेत.

शेवटी पिशवीबद्दल. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फोकस अभ्यासात हृदयविकाराचा धोका असलेल्या खुब्याच्या दोन हजारांवर रुग्णांत हिमोग्लोबिन १० वर ठेवून ८ पेक्षा जास्त फायदा दिसला नाही. म्हणून ८ च्या खाली गेले, किंवा छातीत दुखणे, धाप, चक्कर, वाढलेले ठोके अशी लक्षणे दिसली, तर रक्त द्यावे. ते एकेक पिशवी द्यावे. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढते. पुन्हा तपासून मगच दुसरी लावावी.

आपले,
एक अस्थिशल्यचिकित्सक व एक भूलतज्ज्ञ