ऑनलाइन अभियांत्रिकी आणि प्रात्यक्षिके

संपादक महोदय,

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षण-मंचावरील अभ्यासक्रमांतून मिळवता येतात, हे स्वागतार्हच आहे. तथापि, तयार स्लाइड नुसत्या वाचून दाखवणाऱ्या ऑनलाइन तासाला अध्यापन म्हणवत नाही. तुळईची कातरबल-आकृती (शिअर फोर्स डायग्राम) टप्प्याटप्प्याने काढत, मध्येच थांबून ‘आता चिन्ह धन की ऋण?’ असे विचारले, तरच बंद कॅमेऱ्यामागचा विद्यार्थी सोबत आहे की नाही, ते कळते. ताणचाचणीत, म्हणजे यंत्रात ओढून ताकद तपासताना, पोलादी सळई तुटण्याआधी एका जागी कशी बारीक होत जाते, हे तर यंत्राजवळ उभे राहूनच पाहावे लागते. म्हणून नागपुरातील महाविद्यालयांनी व्याख्याने (रेंजची बोंब असलेल्या गावांतील मुलांसाठी) कमी डेटात उतरवता येतील अशी द्यावीत आणि प्रात्यक्षिके प्रयोगशाळेतच घ्यावीत.

— एक प्राध्यापक, नागपूर