रकान्यातली एक ओळ

सुदामानगर, इंदूर
दि. १० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीला ग्वाल्हेरला आलो तेव्हा हे सगळे समोर बसून सांगायचे ठरवले होते. परंतु भाऊबीजेला ताईने भाचीच्या स्थळाचा विषय काढला, वडोद्याच्या मंडळींनी ‘तुमच्याकडे कुणाला मिरगी आहे का’ असे आडून विचारल्याचे सांगितले, आणि बाबा, तुम्ही पानावरून उठून गच्चीवर निघून गेलात. त्यानंतर माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. फोनवर तुम्हांला अर्धे ऐकू येते आणि उरलेले अर्धे तुम्ही अंदाजाने जुळवता, म्हणून हे पत्र. आईने ते सावकाश, एका बैठकीत आणि मधले काही न गाळता वाचून दाखवावे.

अपंगत्वाच्या पेन्शनसाठी केलेले माझे दुसरे अपीलही फेटाळले गेले आहे. आदेशावर ६ सप्टेंबरची तारीख असून प्रत माझ्या हाती ऑक्टोबरात आली. सणाच्या तोंडावर सांगावेसे वाटले नाही. पहिल्या अपिलाच्या उत्तरात जी वाक्ये होती, जवळजवळ तीच याही उत्तरात आहेत, आणि मी जोडलेल्या कागदांपैकी एकाचाही उल्लेख त्यात नाही. आता सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या जबलपूर पीठापुढे अर्ज करायचा, असे मी ठरवले आहे. ‘सरकारशी भांडून कुणाचे भले झाले आहे?’ हा बाबांचा प्रश्न मला ठाऊक आहे, म्हणून मी नेमका कशाशी भांडतो आहे ते आधी लिहितो.

लष्कराने मला घरी पाठवले, याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला फिट येते त्याने खांबावर चढून लाइन ओढू नये, जनरेटरपाशी एकट्याने रात्रपाळी करू नये आणि हातात रायफलही घेऊ नये, हे मला पटते. आर्मी रूल्स १९५४ मधील नियम १३ प्रमाणे वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवलेल्या जवानाला सेवामुक्त करता येते, आणि ३१ ऑगस्ट २०२२ रोजी मला त्याच नियमाखाली सेवामुक्त केले. माझा वाद त्याच्या पुढच्या रकान्याशी आहे. आजार सैनिकी सेवेमुळे उद्भवला का, आणि तसा नसल्यास सेवेमुळे बळावला का, असे दोन प्रश्न मंडळासमोर असतात. यांपैकी एकाचे उत्तर ‘होय’ आले तरी सरकार त्याची जबाबदारी घेते. माझ्या कागदावर दोन्हींना ‘नाही’ लिहिले आहे आणि कारण म्हणून एकच ओळ आहे, तिचा अर्थ असा की हा विकार मुळातच शरीरप्रकृतीचा आहे. तेरा वर्षांच्या नोकरीचा निकाल त्या ओळीत लागला.

बाबा, ही ओळ कुठून आली ते मला माहितीच्या अधिकारात मंडळाची कागदपत्रे मिळाली तेव्हा कळले. मला विचारले गेले होते, ‘घर में किसी को दौरा पड़ता है?’ मी प्रामाणिकपणे सांगितले की नाही, पिताजी को एक बार चक्कर आया था, बस. तो चक्कर म्हणजे १९९६ च्या मे महिन्यात वीजबिलाच्या रांगेत, उन्हात, उपाशीपोटी उभे असताना तुम्हांला आलेली घेरी. आपल्या ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत घेरी येणारे तुम्ही काही पहिले नव्हेत. शेजारच्यांनी सावलीत बसवून कांदा हुंगवला, साखर-मिठाचे पाणी पाजले आणि अर्ध्या तासात तुम्ही बिल भरूनच घरी आलात, ही गोष्ट आई आजही हसत सांगते. माझ्या जबाबाखाली मात्र इंग्रजीत लिहिले आहे, ‘फादर, हिस्टरी ऑफ फिट्स’. आपल्या भाषेत घेरी, चक्कर, भोवळ आणि फेफरे या चार वेगळ्या गोष्टी आहेत. हिंदीतून इंग्रजीत जाताना माझ्या चक्कराची फिट झाली आणि मी न वाचता खाली सही केली. सही करण्यापूर्वी कागद वाचावा, हे तुम्ही मला सातवीत शिकवले होते.

तो कागद तुम्ही भिंग घेऊन वाचलात, हे आईने मला नंतर सांगितले. तुम्ही स्वतः मात्र एका अक्षराने बोलला नाहीत. पण तेव्हापासून छोटी जरा एकटक कुठे पाहत बसली की तुम्ही घाईघाईने तिला हाक मारता, आणि तिने ‘काय आजोबा?’ म्हटले की ‘काही नाही’ म्हणता. मी ते पाहिले आहे. तुमच्या घेरीचा आणि माझ्या आजाराचा काहीही संबंध नाही. हे मी तुमच्या समाधानासाठी लिहीत नाही, इंदुरात मला तपासणाऱ्या मेंदूविकारतज्ज्ञांनी दोन्ही हकिकती ऐकून लेखी दिले आहे.

आता आईसाठी. आई, २०१९ च्या जानेवारीत लडाखच्या ठाण्यावरून मी तुला एक आंतर्देशीय पत्र पाठवले होते. ‘बर्फावर घसरलो, डोक्याला जरा खरचटले आहे, काळजी करू नकोस, लोणचे संपले’ असे काहीसे त्यात होते. ते खरे नव्हते. लाइन दुरुस्त करताना मी उतारावरून घसरलो, कपाळाच्या वरच्या बाजूला खडक लागला, पाच टाके पडले आणि मधला काही वेळ मला आजही आठवत नाही. ठाण्यावरच्या नर्सिंग असिस्टंटने टाके घातले. हवामान बिघडल्यामुळे खाली उतरता आले नाही, चार दिवसांनी डोके दुखायचे थांबले म्हणून मी कामाला लागलो, आणि जखमेचा अहवाल भरायचा तो कुणीच भरला नाही. त्यात माझाही दोष आहे, कारण अहवाल गेला असता तर पुढचा कोर्स हुकेल अशी भीती मला होती. पहिली फिट आली २०२० च्या मार्चमध्ये, म्हणजे चौदा महिन्यांनी. डोक्याला मार लागल्यावर फिट लगेचच येते असे नाही, ती महिन्यांनी आणि कधी कधी वर्षांनीही सुरू होते, हे मला डॉक्टरांकडून कळेपर्यंत सेवामुक्तीचे कागद हातात पडले होते. ठाण्यावरच्या एम. आय. रूमची, म्हणजे वैद्यकीय तपासणी खोलीची, त्या वर्षीची नोंदवही आता उपलब्ध नाही, असे मला लेखी उत्तर मिळाले आहे. त्या दिवशी माझ्याबरोबर असलेल्या साताऱ्याच्या सोबत्याने शपथपत्र दिले आहे, परंतु मित्राचे शपथपत्र म्हणून त्याकडे थोडे संशयानेच पाहिले जाईल. त्या काळातला, तारखेचा आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असलेला, दाव्याचा विचारही माझ्या मनात नसताना लिहिलेला कागद एकच आहे आणि तो देवघराखालच्या तुझ्या पत्र्याच्या डब्यात आहे. तुझ्यापासून लपवण्यासाठी मी जे लिहिले, तेच आता माझ्या उपयोगी पडणार आहे. याची मला लाज वाटते.

कायदा काय म्हणतो हे बाबांना वाचायला आवडेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. धरमवीर सिंग नावाचे एक जवान १९८५ मध्ये आमच्याच सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन दलात, भरती झाले आणि १९९४ मध्ये याच आजारासाठी, अपस्मारासाठी, वीस टक्के अपंगत्व लिहून घरी पाठवले गेले. त्यांच्याही कागदावर ‘प्रकृतीचा विकार’ असेच होते. त्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २ जुलै २०१३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, भरतीच्या वेळी एखाद्या आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असे धरले पाहिजे. आजार सेवेमुळे झाला हे सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही. आणि मंडळाला उलट म्हणायचे असेल तर त्याने कारणे दिली पाहिजेत. संशयाचा फायदाही जवानालाच मिळाला पाहिजे. २००९ ची माझी भरती तुम्हांला आठवत असेल. कानातला मळ काढून या म्हणून मला एकदा परत पाठवले होते, तुम्ही सायकलवरून डॉक्टरकडे नेलेत, आणि दुसऱ्या दिवशी ‘शेप-वन’, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, असा शेरा घेऊन मी बाहेर आलो. कानातला मळ पाहणाऱ्यांनी आणखी काही पाहिले असते तर लिहिलेच असते, असे मी वकिलांना म्हणालो. ते हसले आणि म्हणाले की समोरची बाजू सांगेल, फिट येण्यापूर्वी ती तपासणीत दिसत नाही. ते खरेही आहे. शिवाय धरमवीर सिंगांचा निकाल अपंगत्वाच्या पेन्शनविषयीच्या १९८२ च्या नियमांवर आहे आणि माझ्या वेळी २००८ चे नियम लागू होते, त्यांची भाषा थोडी निराळी आहे. २०१९ मध्ये याच न्यायालयाने मानसिक आजाराच्या एका प्रकरणात मंडळाचे मत कायम ठेवले आणि जवानाची मागणी नाकारली. तेव्हा आपण जिंकणारच असे समजू नका. पण कारण न देता एका ओळीत विषय मिटवता येत नाही, एवढा मुद्दा भक्कम आहे, आणि ती ओळ ज्या माहितीवर उभी आहे ती माहितीच चुकीची आहे, हा मुद्दा माझ्या मते त्याहून भक्कम आहे.

इंदुरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ असताना जबलपूर कशाला, असे मामांनी विचारले होते. २००७ च्या कायद्याने सैनिकांच्या सेवेसंबंधीचे तंटे या न्यायाधिकरणाकडे दिले आहेत आणि मध्य प्रदेशातली प्रकरणे जबलपूर पीठाकडे जातात. पीठावर एक न्यायिक सदस्य असतात आणि दुसरे सैन्यातून निवृत्त झालेले वरिष्ठ अधिकारी असतात, म्हणजे बर्फावर लाइन ओढणे म्हणजे काय हे निदान एकाला तरी समजावून सांगावे लागणार नाही. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. त्यामुळे मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वेळ आहे, पण डिसेंबरात फाइल देऊन मोकळे व्हावे असा माझा विचार आहे.

पैशांबद्दल एवढेच की निकाल आपल्या बाजूने लागला तर आत्ताच्या पेन्शनमध्ये अपंगत्वाचा हिस्सा मिळेल, आणि वीस टक्के अपंगत्व हिशेबात पन्नास टक्के धरले जाते. गोळ्यांचा खर्च ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून होतो आणि माझी नोकरी ठीक चालली आहे. स्कूटर चालवता येत नाही म्हणून सिटी बसने जातो, इतकेच. पैशासाठीच असते तर मी इतकी धावपळ केली नसती.

वडोद्याच्या मंडळींविषयी. अपस्मार हे विवाहाला बाध आणणारे कारण हिंदू विवाह कायद्यातून १९९९ मध्येच वगळले गेले, पण लोकांच्या मनातून ते जायला अजून वेळ आहे. खरोखरच आजार घराण्यात असता, तर तो सांगण्यात मला कमीपणा वाटला नसता. रक्तदाब, साखर आपण सांगतोच की. जे नाही ते सरकारी कागदावर ‘आहे’ म्हणून राहावे आणि भाचीने व उद्या छोटीने त्याचा जाब देत बसावे, हे मला मान्य नाही. आणि बाबा, महाराष्ट्र समाजात तुम्ही सर्वांना सांगितले आहे की मी स्वेच्छेने निवृत्ती घेतली. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर आपले पूर्वज आले आणि ज्या वस्तीचे नावच लष्कर पडले तिथे आपण राहतो, म्हणून मुलगा फौजेतून ‘काढला’ हे शब्द तुमच्या तोंडून निघत नाहीत, हे मी समजतो. परंतु हे प्रकरण आता खुल्या सुनावणीत जाईल. कुणी विचारले तर कृपया खरे सांगा: त्याला डोक्याला मार लागला, फिट येऊ लागली, म्हणून त्याला घरी पाठवले.

बाबा, तुमच्याकडून मला एक शपथपत्र हवे आहे. मजकूर वकील पाठवतील, तुम्ही ते ग्वाल्हेरला नोटरीसमोर करायचे आहे. १९९६ साली काय झाले, किती वेळ शुद्ध हरपली की हरपलीच नाही, त्याआधी किंवा नंतर असे कधी झाले का, एवढेच त्यात असावे. तुम्ही जन्मभर निबंध तपासले, त्यामुळे तुम्हांला भाषा सजवण्याचा मोह होईल. कृपया एक शब्दही वाढवू नका. जे आठवत नाही त्यापुढे ‘आठवत नाही’ असेच लिहा. त्या वेळच्या डॉक्टरांचा कागद पुस्तकांच्या कपाटात सापडला तर उत्तम, नाही सापडला तर शोधण्यासाठी स्टुलावर चढू नका.

आई, डब्यातले ते पत्र काढून ठेव. त्याचे लॅमिनेशन मात्र मुळीच करू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे. आणि पोस्टानेही पाठवू नकोस. ताई पुढच्या आठवड्यात इकडे येणार आहे, तिच्याकडे पाकिटात घालून दे. पत्राच्या मागे तू दुधाचा हिशेब लिहिला आहेस असे मला अंधुक आठवते. तो पुसू नकोस. त्यात महिना आणि वर्ष असेल तर वकिलांना तोही हवा आहे.

जबलपूरला मी १२ डिसेंबरच्या रात्री ओव्हरनाइट एक्सप्रेसने निघणार आहे. सूनबाई बरोबर येणार होती, पण छोटीची परीक्षा आहे. एकट्याने रात्रीचा प्रवास करू नये असे डॉक्टर म्हणतात. बाबा, तुमची तयारी असेल तर दोन दिवस आधी इंदूरला या. दोन तिकिटे काढून ठेवली आहेत आणि खालचा बर्थ तुमचा आहे.

आपला,
धाकटा